शिलिंगामागे एक पेनी

१९११ च्या जनगणनेत बर्नली गावात १,०६,००० माणसं मोजली गेली. त्याच सुमारास तिथल्या गिरण्यांमध्ये लाखाच्या आसपास माग होते. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ एक माग. उत्तर इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यातलं हे गाव आपण जगातलं सगळ्यात मोठं विणकरांचं गाव असल्याची शेखी मिरवायचं, आणि ती पोकळ नव्हती. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड परदेशी पाठवलं. त्यातलं ३०० कोटी यार्डांहून जास्त एकट्या हिंदुस्थानात उतरलं. शेजारच्या ब्लॅकबर्नमध्ये तर धोतरं विणण्यात हयात घालवलेल्या बाया होत्या.

या गावांबद्दल इंग्रजीत अमाप लिहिलं गेलंय. धूर, ओल, खोकला, पावसात चकाकणारे दगडी रस्ते, आणि या सगळ्यावर आठवणींची साय. मला त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती घरातली पैशांची पेटी. पैसा कोण आणायचं, तो कोणाच्या हाती जायचा आणि परत कोणाला किती मिळायचा, हे एकदा कळलं की तिथलं मूल किती वर्षांचं होईपर्यंत मूल राहायचं, हेही कळतं.

पहाटे पाच-साडेपाचलाच गल्ली जागी व्हायची. घड्याळ प्रत्येक घरात नसायचं, आणि असलं तरी त्यावर कोणी विसंबत नसे. आठवड्याला काही पेन्स घेऊन उठवणारा माणूस यायचा. त्याला नॉकर-अप म्हणत. लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या तारांनी तो वरच्या मजल्यावरच्या काचेवर खडखडाट करायचा आणि आत हालचाल दिसली की पुढच्या घराकडे सरकायचा. मग भोंगा व्हायचा. पायांत क्लॉग, म्हणजे लाकडी तळव्याचे आणि खाली लोखंडी पट्टी ठोकलेले बूट. शेकडो माणसं एकदम बाहेर पडली की फरसबंदीवर जो आवाज उठायचा, तो त्या पिढीतल्या कोणाच्याही आठवणीत पहिल्यांदा येतो. सहाला यंत्रं सुरू. उशीर झाला तर फाटक बंद, आणि न्याहारीच्या सुट्टीपर्यंतची मजुरी बुडाली.

या घोळक्यात बाया भरपूर असायच्या, आणि बर्नलीचं वेगळेपण तिथंच सुरू होतं. कोळशाच्या खाणींच्या किंवा जहाजबांधणीच्या गावात लग्न झालेली बाई सहसा घरी बसायची. तिला बाहेर कामच नव्हतं. विणकरांच्या गावांत तसं नव्हतं. १९११ साली बर्नली आणि ब्लॅकबर्नमधल्या दर १०० विवाहितांपैकी ४० हून अधिक जणी कमावत्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक साचेखात्यात, म्हणजे विणकामात. मजुरी कापडाच्या नगावर मिळायची. १८९२ मध्ये ठरलेल्या दरपत्रकात बाई आणि पुरुष असा भेद नव्हता. चार माग सांभाळणाऱ्या विणकराला आठवड्याला २५ शिलिंगांच्या आसपास मिळायचे, मग तो बाप्या असो की बाई. प्रत्यक्षात रुंद आणि जास्त पैसा देणारे माग पुरुषांकडे जात, आणि माग दुरुस्त करणारा टॅकलर, म्हणजे आपल्या गिरणगावातला जॉबर, हा तर कायम पुरुषच. तरीही नवऱ्याइतकी कमावती बायको ही त्या काळच्या इंग्लंडमध्ये दुर्मीळ गोष्ट होती. नेल्सन गावची सेलिना कूपर अशाच गिरणीतून वर आली. १९०१ मध्ये ती बर्नलीच्या गरीब-मदत मंडळावर निवडून आली. पुढे ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत गावोगाव बोलत फिरली. लहानपणी तीही अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत असायची.

या अर्ध्या दिवसाच्या पद्धतीपाशी जरा थांबायला हवं.

१८४४ च्या कारखाना कायद्याने आठ वर्षांच्या मुलाला गिरणीत घ्यायची मुभा दिली, पण फक्त अर्धा दिवस. उरलेल्या वेळात तीन तास शाळा सक्तीची. तेव्हा ही सुधारणाच होती. त्याआधी लहान मुलं जास्त तास राबत होती, आणि कित्येकांना पाटी दिसली ती या कायद्यामुळेच. पुढे १८७४ च्या कायद्याने ही वयाची अट दहा वर्षांवर नेली, १८९१ च्या कायद्याने अकरावर आणि १८९९ च्या कायद्याने बारावर. वय चार वर्षांनी वाढायला पंचावन्न वर्षं लागली. युरोपात कारखान्यांची सगळ्यात जुनी परंपरा सांगणाऱ्या देशात विसावं शतक उजाडल्यावरही बारा वर्षांची मुलगी पहाटे सहाला मागापाशी उभी असायची, तीही कायद्याने.

एका आठवड्यात सकाळी गिरणी आणि दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलट. सकाळपाळीचं मूल सहापासून साडेबारापर्यंत गिरणीत असायचं, मधे न्याहारीची अर्धा तास सुट्टी. घरी येऊन घास पोटात ढकलायचा, कपड्यांवरचा कापसाचा भुसा झटकायचा आणि दोनच्या आत शाळेत हजर. वर्गात शिरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात माना पडायला लागत. काही मास्तर छडी उगारायचे. काही जण, ज्यांना गिरणी आतून ठाऊक होती, ते झोपू द्यायचे. शाळेच्या तपासनिसांचे अहवाल या मुलांबद्दल एकसुरी आहेत: पोरं हुशार होती, गिरणीत लागल्यावर मंदावली, उर्मट झाली. उर्मटपणाचं कारण शोधायला लांब जायला नको. मजुरी कमावणाऱ्या पोराला मास्तरचा धाक कितीसा वाटणार!

विणकामात अशा मुलाला टेंटर म्हणत. तो गिरणीमालकाचा नोकरच नसायचा. ज्या विणकरणीच्या हाताखाली असेल तिच्या मजुरीतून त्याला पैसे मिळायचे, आठवड्याला दोन-तीन शिलिंग. म्हणून पोरगं शक्यतो आईच्या, मावशीच्या किंवा शेजारणीच्या मागांवर जायचं. कामं बारीकसारीक, पण न संपणारी. मागाखालचा भुसा झाडायचा, बाण्याच्या कांड्या आणून द्यायच्या, चहाचं गरम पाणी आणायचं, आणि हळूहळू तुटलेला ताणा सांधायला शिकायचं. धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक बारीक छिद्रातून बाहेर काढायचं, आणि तेही तोंडाने ओढून. या प्रकाराला ‘धोट्याचा मुका’ असं लाडकं नाव होतं. एकच धोटा अनेक तोंडांतून फिरायचा. पुढचे दात किडायचे आणि एकीचा आजार दुसरीला मिळायचा.

आणि कानठळ्या बसवणारा आवाज. शेकडो माग एकाच छपराखाली चालत असताना शेजारणीचं ओरडणंही ऐकू येत नसे. म्हणून ओठांची भाषा तयार झाली होती. प्रत्येक अक्षराला तोंड मोठं वेडंवाकडं करून बोलायचं. तिला मी-मॉइंग म्हणत. खाजगी गोष्टी, कुचाळक्या, जॉबरला शिव्या, सगळं बिनआवाजी चालायचं. मुलं ती भाषा महिन्याभरात उचलायची. बऱ्याच बायकांना ती सवय इतकी जडली की गिरणीबाहेर, ट्राममध्ये बसूनही त्या समोरच्या बाकावरच्या मैत्रिणीशी आवाजाविना गप्पा मारत.

सूतकताईच्या गावांत, ओल्डम-बोल्टनकडे, काम वेगळं पण वय तेच. तिथं मुलगा छोटा पीसर व्हायचा. सूतयंत्राचा भला मोठा गाडा पुढेमागे सरकत असताना तुटलेले धागे सांधायचे, तेलाने निसरड्या झालेल्या जमिनीवर अनवाणी. जे. आर. क्लाइन्स दहाव्या वर्षी ओल्डममध्ये असाच लागला. पुढे तो मजूर पक्षाचा नेता झाला आणि १९२९ मध्ये देशाचा गृहमंत्री. ॲनी केनी हीसुद्धा ओल्डमजवळची. तीही दहाव्या वर्षीच अर्धवेळ लागली आणि कामावर असताना तिचं एक बोट तुटलं. १९०५ मध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधल्या सभेत स्त्रियांच्या मताधिकाराबद्दल प्रश्न विचारून तिने अटक ओढवून घेतली. अशी उदाहरणं देताना मला जरा संकोच वाटतो. गिरणीने त्यांना घडवलं, असा सूर त्यातून निघायला नको. एका क्लाइन्समागे हजारो पोरं तेराव्या वर्षी पूर्णवेळ गिरणीत जाऊन तिथंच म्हातारी झाली.

आता खरा अडचणीचा मुद्दा. १९०९ च्या सुमारास कापड कामगारांच्या संघटनांनी आपल्याच सभासदांचं मत घेतलं: अर्धवेळ मजुरीचं किमान वय बारावरून तेरावर न्यावं का? ‘नको’ म्हणणारे ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाले. मालकांनी नव्हे, आईबापांनी नको म्हटलं. लंडनच्या सुधारकांना याचा धक्का बसला. लँकशायरचे लोक पोरांच्या जिवावर जगतात, असं मग सर्रास लिहिलं जायला लागलं.

त्या आईबापांचा हिशेब समजायला सीबोम राउंट्रीचं १९०१ चं पुस्तक उपयोगी पडतं. त्याने यॉर्क शहरातल्या मजुरांची घरोघरी पाहणी केली होती. त्यातून त्याला दिसलं की मजुराच्या आयुष्यात टंचाईचे तीन काळ ठरलेले असतात. एक त्याच्या स्वतःच्या बालपणाचा, दुसरा पदरात लहान पोरं असतानाचा आणि तिसरा म्हातारपणाचा. मधली थोडी वर्षं हात सैल असतो, कारण तेव्हा मुलं कमवती झालेली असतात आणि अजून लग्न करून वेगळी झालेली नसतात. घरात नवी खुर्ची, खिडकीला चांगला पडदा, कर्जाची फेड, आईला एक धड कोट, जे काही व्हायचं ते याच आठ-दहा वर्षांत. कायद्याने त्यातलं एक वर्ष काढून घ्यायचं म्हटल्यावर कोणतं घर हात वर करेल? शिवाय दुसरं असं की गिरणी हेच गावातलं भवितव्य होतं. लवकर लागलं तर बोटं लवचिक असताना हात बसतो, असं सगळेच मानत. मुलांवर प्रेम नव्हतं म्हणून हे मत पडलं, हे मला पटत नाही. पण ते मत देणारी माणसं स्वतः लहानपणी बाकावर मान टाकून झोपलेली होती, हेही विसरता येत नाही.

शुक्रवारी मजुरी व्हायची. पोरगं पैसे घेऊन थेट घरी यायचं आणि सगळे आईच्या हातावर ठेवायचं. बहुतेक घरांत मोजूनही न पाहता. मग आई त्यातून त्याला खर्चायला परत द्यायची. दर सर्वमान्य होता: शिलिंगामागे एक पेनी. शिलिंगात बारा पेन्स, तेव्हा कमाईचा बारावा हिस्सा. दहा शिलिंग आणले तर दहा पेन्स. ही पद्धत वय वाढलं म्हणून बदलत नसे. वीस-बावीस वर्षांची, चांगले पैसे कमावणारी मुलगीसुद्धा लग्न होईपर्यंत पाकीट आईकडेच द्यायची आणि नव्या टोपीसाठी तिच्यापाशी हट्ट धरायची.

इतिहासकार एलिझाबेथ रॉबर्ट्स यांनी १९७० च्या दशकापासून प्रेस्टन, लँकेस्टर आणि बॅरो या गावांतल्या दीडशेच्या आसपास वृद्धांना बोलतं केलं. १९८४ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्यात या पैशांबद्दल कडवटपणा जवळपास नाही. उलट पहिली मजुरी आईच्या हातावर ठेवल्याचा दिवस लोक मिरवून सांगतात. खिसा रिकामा करण्यात कसला अभिमान, असं आज वाटेल. पण त्या दिवशी पोराचं घरातलं स्थान बदलायचं. ताटात थोडं जास्त पडायचं, घरकामातून सुटका व्हायची. म्हणजे मुलाची व्हायची. मुलगी गिरणीतून आली तरी भांडी तिच्यासाठी वाट पाहत असायचीच.

आई ही घराची खजिनदार. चांगला नवरा कोण, याची गल्लीतली व्याख्या सोपी होती: जो पाकीट न उघडता आणून देतो तो. काही जण मधे दारूच्या गुत्त्यावर थांबत, काही जण बायकोला खरा आकडा कधीच सांगत नसत. हातात येईल त्यातून भाडं, कोळसा, किराणा, मयताचा विमा हे सगळं तिने भागवायचं. न भागलं तर कोपऱ्यावरच्या दुकानाची वही. सॅलफर्डमध्ये अशाच एका दुकानात वाढलेल्या रॉबर्ट रॉबर्ट्सने १९७१ च्या ‘द क्लासिक स्लम’मध्ये त्या उधारीच्या राजकारणाचं जे वर्णन केलंय ते मुळातूनच वाचावं. कोणाला उधार द्यायची आणि कोणाला नाही, हे त्याच्या आईला गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या वकुबावरून ठरवावं लागे. वहीही थकली की सावकाराचं दुकान. रविवारचा सूट सोमवारी गहाण, शनिवारी मजुरीनंतर सोडवायचा, रविवारी चर्चला घालायचा, सोमवारी परत गहाण. हे गाठोडं घेऊन जायचं काम मुलांचं, कारण आईला तिथं कोणी पाहिलं तर लाज.

घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर दोन. रांगेतल्या पन्नास घरांना भिंती सामाईक. मागे फरसबंदीचं छोटं अंगण, त्यात संडास. रात्री तिथं जायचं म्हणजे मेणबत्ती घेऊन आणि भावाला दाराशी उभं करून. न्हाणीघर नव्हतं. पत्र्याचं घंगाळ अंगणातल्या खिळ्याला टांगलेलं असायचं. आठवड्यातून एकदा ते चुलीपुढे यायचं आणि त्याच पाण्यात एकामागून एक सगळी पोरं.

सोमवारी धुणं हा घरी असणाऱ्या बाईचा नियम. गिरणीत जाणारीला तो संध्याकाळी किंवा शनिवारी दुपारी उरकावा लागे. तांब्याच्या हंड्यात कपडे उकळायचे, पिंपात दांड्याने घुसळायचे, पिळायच्या यंत्रातून काढायचे, नीळ द्यायची. बाहेर वाळत घातले की गिरणीच्या धुरांड्यांची काजळी परत त्यांच्यावर. लोखंडी चूल काळ्या पॉलिशने चमकवायची. आणि दाराची पायरी. चिंध्या आणि भंगार घेणारा गाडीवाला बदल्यात एक मऊ दगड द्यायचा, डाँकी स्टोन. पायरी धुऊन त्या दगडाने तिची कड पांढरी किंवा पिवळसर रेखायची. दर आठवड्याला, पावसातसुद्धा. काही वेळाने त्यावर कोणाचा तरी चिखलाचा क्लॉग पडणारच, हे माहीत असून. घरात कितीही ओढाताण असली तरी पायरी सांगायची की इथली बाई अजून हरलेली नाही. हे काम बहुतेक मुलींकडे यायचं.

दिवसभर गिरणीत असलेल्या घरात स्वयंपाक कधी व्हायचा? बरेचदा व्हायचाच नाही. मासे आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी विकणाऱ्या दुकानांची लँकशायरमध्ये एवढी गर्दी का झाली, याचं उत्तर याच प्रश्नात आहे. वाडगं आणि फडकं देऊन पोराला पाठवायचं, थोड्या पेन्समध्ये सगळ्यांचं जेवण. त्याखेरीज गुरांच्या जठराचा ट्राइप, बटाट्याची पाय, आणि रात्रभर मंद आचेवर ठेवलेला हॉटपॉट. मांस असेल तेव्हा ते बापाच्या ताटात, मग कमावत्या मुलांच्या. लहानग्यांना पावावर जनावराची चरबी लावून. आई शेवटी जेवायची, आणि बऱ्याचदा मला भूक नाही म्हणायची.

तान्ह्या बाळांची गोष्ट अप्रिय आहे, पण टाळता येणार नाही. १८९१ च्या कायद्याने बाळंतिणीला चार आठवडे कामावर घ्यायला मनाई केली, पण त्या चार आठवड्यांचा पगार दिला नाही. त्यामुळे बाळ शालीत गुंडाळून पहाटे शेजारच्या म्हातारीकडे ठेवलं जायचं, डब्यातलं दूध आणि बाटलीच्या भरवशावर. १८९० च्या दशकात प्रेस्टन आणि बर्नलीत जन्मलेल्या दर १,००० बाळांपैकी २०० हून जास्त वर्षाच्या आत दगावत. बहुतेक उन्हाळ्यातल्या हगवणीने. डॉक्टरांनी सरळ आयांवर ठपका ठेवला: बाई गिरणीत जाते म्हणून मूल मरतं. हा निष्कर्ष सोयीचा होता, कारण त्यासाठी नगरपालिकेला गटारावर एक पौंडही खर्चावा लागत नव्हता. ज्या खाणगावांत बाया घरीच होत्या तिथंही बाळं अशीच मरत होती. उघडे संडास, माशा, नासकं दूध हे दोन्हीकडे सारखंच होतं. आणि एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सुटली: १९११ च्या जनगणनेतल्या कुटुंबविषयक माहितीत कापड कामगारांची कुटुंबं इतर कामगारांपेक्षा लहान निघाली. स्वतः कमावणाऱ्या बाया किती मुलं होऊ द्यायची, हे ठरवायला लागल्या होत्या.

दर आठवड्याला विम्याचा माणूस दारात यायचा, प्रत्येक पोरामागे एक पेनी. आजारपणासाठी नव्हे, मयतासाठी. पोराला गरीब-मदत मंडळाच्या खर्चाने पुरावं लागणं ही त्या गल्लीतली सगळ्यात मोठी नामुष्की.

सुखाचे पैसेही होते. १८४४ मध्ये जवळच्या रॉचडेलमध्ये २८ माणसांनी सहकारी दुकान सुरू केलं. जितकी खरेदी, तितका नफ्यातला वाटा, हा त्याचा नियम पुढे जगभर गेला. आपल्या महाराष्ट्रातल्या सहकाराची वंशावळही मागे नेली तर त्या दुकानापर्यंत पोहोचते. लँकशायरच्या पोराला मात्र त्यातलं एकच ठाऊक असायचं: आईचा सभासद क्रमांक. किराण्याला पाठवलं की तो सांगायचा. विसरला तर तेवढा वाटा बुडाला आणि पाठीत धपाटा. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांना नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण तो आकडा घडाघडा येतो. त्या वाट्यातून क्लॉग आणि शाळेचे कपडे यायचे.

शाळा-गिरणीतून उरलेला वेळ गल्लीत. दोरीउड्या, गोट्या, भोवरा, आणि पिगी, म्हणजे विटी-दांडूचा तिकडचा अवतार. क्लॉगच्या लोखंडी पट्ट्या फरशीवर घासून ठिणग्या उडवायच्या. त्यात पट्टी झिजते म्हणून घरी मार. रविवारी संडे स्कूल, आईबापांना तेवढाच एकांत. मे-जूनमधल्या व्हिटसनच्या सणाला वर्षातले एकमेव नवे कपडे. ते घालून शेजाऱ्यांच्या घरी जायचं, कौतुक करून घ्यायचं, आणि शेजारीण नव्या खिशात एक पेनी टाकायची.

आणि वेक्स. वर्षातून एकदा अख्ख्या गावाच्या गिरण्या एकदम बंद. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, बर्नलीचा जुलैत, ओल्डमचा ऑगस्टच्या अखेरीला. वाफेची इंजिनं साफ करायची असत, म्हणून मालकांनाही चालायचं. सुट्टीचा पगार मात्र नाही. तो कायदा १९३८ मध्ये आला. त्याआधी वर्षभर गिरणीतल्या बचत मंडळात आठवड्याला काही पेन्स टाकायचे आणि त्या पैशांतून समुद्रकाठचं ब्लॅकपूल गाठायचं. खास गाड्या सुटायच्या. गल्लीच्या गल्ली तिकडे जायची, आणि समुद्रावरही तेच शेजारी भेटायचे. खानावळवाली फक्त खोली द्यायची. किराणा आपण न्यायचा, तो ती शिजवून द्यायची. मीठ-मिरपुडीच्या भांड्यांचेही वेगळे पैसे लावायची, अशी तिच्याबद्दलची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १८९४ मध्ये तिथं ५१८ फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. गाडी जवळ आली की तो आधी कोणाला दिसतो यावर पोरांत पैज लागायची.

हिंदुस्थानचा या घरांशी संबंध नुसता धोतरांपुरता नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, कापूस यायचा थांबला. लँकशायरमध्ये चुली विझल्या, आणि त्याच कापसाच्या भावाने मुंबईत सट्टेबाजांचे वाडे उठले. पुढे मुंबईत गिरण्या वाढत गेल्या, बऱ्याचशा ओल्डमच्या प्लॅट ब्रदर्सच्या यंत्रांवर. आता लँकशायरचे मालक हादरले आणि त्यांना एकाएकी हिंदी मुलांची दया आली. तिथं कामाच्या तासांवर बंधन नाही, ही स्पर्धा अन्यायाची आहे, असा धोशा त्यांनी लावला. १८८१ च्या हिंदुस्थानातल्या पहिल्या कारखाना कायद्यामागे हा रेटा होता. त्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. परळच्या मुलांसाठी कळवळणाऱ्या या मंडळींच्या स्वतःच्या मागांखाली तेव्हा दहा वर्षांची मुलं झाडू मारत होती.

१९१८ च्या शिक्षण कायद्याने अर्धवेळ मजुरी बंद केली, प्रत्यक्षात १९२१ पासून. योगायोग असा की त्याच सुमारास धंदाही बसायला लागला. जपान, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, आयातीवरचा कर, मग बहिष्कार. बर्नलीत मालकांनी एका विणकराला चारऐवजी सहा-आठ माग द्यायचं ठरवलं. १९३१-३२ मध्ये त्यावरून टाळेबंदी आणि संप झाले. ब्लॅकबर्नमध्ये कापड कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास लोक कामाविना होते. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेनला आले ते या दिवसांत. त्यांच्या भोवती हात उंचावून हसणाऱ्या गिरणीतल्या बायांचं छायाचित्र प्रसिद्धच आहे. त्या बाया रागावल्या नाहीत याचं आश्चर्य केलं जातं. मला ते तितकंसं वाटत नाही. मजुरी म्हणजे काय आणि ती गेली की काय जातं, हे दोन्ही बाजूंना सारखंच कळत होतं.

त्या घरांना खरी दुखापत केली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लागू झालेल्या उत्पन्न-चौकशीने. बेकारभत्त्याची ठराविक मुदत संपली की तपासनीस घरी येऊन सगळ्या कुटुंबाची कमाई मोजायचा. पोरीचे पंधरा शिलिंग येतात? मग बापाचा भत्ता कमी. पिढ्यान्‌पिढ्या जी मजुरी मुलं आपणहून आईच्या हातावर ठेवत होती, तिच्यावर आता सरकारने हक्क सांगितला, आणि बापाला पोरीच्या पैशांवर जगायला लावलं. काही घरांत कमावती मुलं वेगळी राहायला गेली, निदान कागदोपत्री. बाप-लेकांमध्ये अबोला आला. विवाहित बायांचा भत्ता तर त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने बहुतांशी काढून घेतला होता. वर्षानुवर्षं वर्गणी भरलेल्या विणकरणींना सांगण्यात आलं की तुम्ही आता गृहिणी आहात.

युद्धानंतर शाळा सोडायचं वय १९४७ मध्ये पंधरा झालं. १९५८ मध्ये असं पहिल्यांदा घडलं की ब्रिटनने जेवढं सुती कापड निर्यात केलं त्याहून जास्त आयात केलं. पुढच्याच वर्षी सरकारने माग मोडीत काढायला पैसे दिले. ज्या गिरण्या टिकल्या त्यांनी नवी महागडी यंत्रं आणली आणि ती रात्रंदिवस चालवायची ठरवली. रात्रपाळीवर बायांना ठेवायला कायदा आडवा येत होता आणि गोऱ्या पुरुषांना ती नको होती. तेव्हा मीरपूर, सिल्हेट आणि गुजरातमधून माणसं आली. बर्नली, ओल्डम, ब्लॅकबर्नच्या त्याच दोन वर-दोन खाली घरांत ती राहिली. रात्रपाळीचा पगार घरी यायचा, सगळ्यांचा एकत्र व्हायचा आणि त्यातला मोठा वाटा मनीऑर्डरीने समुद्रापार आईकडे जायचा. त्यांची मुलं मात्र दिवसभर शाळेत असत.